थोड्या दिवसांच्या गोळ्या

खिडकीबाहेरच्या अनंताच्या झाडाच्या पानांतून गाळून आलेले सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून हळूहळू उतरले आणि पद्मजाच्या हातावर विसावले. तिचा नवरा गोपाळकृष्ण थकल्या डोळ्यांनी ते पाहत राहिला.

अंगावर निळे डाग उठवणाऱ्या एकाच रक्तविकारासाठी डॉक्टरांनी शेजारच्या चिमाला वर्षभराच्या नेहमीच्या गोळ्या दिल्या होत्या. पद्मजाला, नवी पद्धत म्हणून, थोड्याच दिवसांच्या. दोघींचेही डाग मावळले होते.

“वैनी, तुमच्या गोळ्या सुटल्या ता बरा झाला. माजा तोंड बगा, गोळ्यांनी सुजून नुसता भोपळा!” खिडकीशी येऊन चिमा हसली. “नि हातावर ह्या काय निळा-निळा?”

“पानांची सावली गं,” गोपाळकृष्ण घाईने म्हणाला.

ऊन सरकले. पानांच्या सावल्या जमिनीवर उतरल्या.


निळे डाग पद्मजाच्या हातावरच राहिले.