घरी निघाल्याचा भोंगा

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी सलग मिनिटभर भोंगा वाजवायचा, म्हणजे खालची वस्ती टेकडी गाठते. दरवाजे सांभाळणारा मात्र रोज संध्याकाळी घरी निघताना तोच भोंगा क्षणभर वाजवायचा. तो ऐकून बायको चहाचं आधण ठेवायची आणि सगळी गल्ली हसायची. आज वादळात वीज गेली, पाणी भिंतीच्या काठाला टेकलं. बॅटरीवरच्या भोंग्याने क्षणभर ओरडून मान टाकली. त्याने बटण बुक्क्यांनी ठोकलं, भोंगा ढिम्म. मग घरी फोन लावला. "ऐकला हो भोंगा!" बायको हसली. "शेजारच्या काकू सामान बांधत होत्या. म्हटलं, सोडा गाठोडी, आमचे हे घरी निघालेसुद्धा!" "अगं, पळ! पोरांना घेऊन…" फोन बंद पडला होता. दरवाजे उघडले नाहीत, तर भिंतच फुटणार होती. त्याने दरवाजे हाताने उघडायच्या चाकाला हात घातला. खाली त्याच्या घरातून चुलीचा धूर निघत होता.