दोन्हीकडून ओढलेली जर्सी

भाताच्या टोपावरचं झाकण खडखडलं, तशी जोसेलिन चुलीपाशी आली. तिने जाळ कमी केला. चटईवर रेनान्ते पालथा पडला होता, पाठीला तेल चोळलेलं. झोपेचं सोंग काही नवऱ्याला जमत नव्हतं.

बाहेर, तिच्या छोट्याशा दुकानाच्या जाळीसमोरच्या बाकावर, आम्बो सर कॉफी ढवळत बसले होते. इलोइलो शहरातल्या बास्केटबॉल संघाचे ते प्रशिक्षक. जत्रेची स्पर्धा बघायला बेटावर आले होते आणि दुपारच्या बोटीने एका खेळाडूला घेऊन परत जाणार होते. एकालाच. पगार, राहायला खोली, वर्षभर शहरात. दुसऱ्या गावचा बोयेत की इथला रेनान्ते, एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरवायला अर्धा गाव बाकाभोवती जमला होता.

"ठरवायचंय काय त्यात?" तिनोय काका म्हणाले. "बाद फेरीत सान रोकेच्या संघासमोर बोयेतचे सव्वीस गुण. आपल्या रेनान्तेचे अकरा. वजाबाकी लहान पोरालाही येते."

"पण काका, बोयेत हरला. आपण जिंकलो," गर्दीतला एक पोरगा म्हणाला.

"ते त्या सुताराच्या पोराने जिंकवलं. याने काय केलं? पास दिले नुसते."

"सान रोकेसमोर अकरा म्हणजे दुसऱ्या कुणासमोर तीस, हे मला कळतं," सर म्हणाले. "पण बोयेतनेही सव्वीस काढले ते सान रोकेसमोरच ना? तिथेच माझं घोडं अडतंय."

सान रोकेसारखा बचाव अख्ख्या बेटावर नव्हता. आणि त्या बचावातला सगळ्यात चिवट माणूस म्हणजे जोसेलिनचा थोरला भाऊ, देन्स्यो. तो नेमका तेव्हाच भाचीसाठी, छोट्या निकायसाठी, आंब्यांची पिशवी घेऊन आला.

"आला बघा गुन्हेगार!" कुणीतरी ओरडलं. "मेहुण्याला अकरावर आवळलास ना रे?"

"अकराच होते?" देन्स्यो म्हणाला. "मला तर चाळीस वाटले."

सर हसले नाहीत. "तू दोघांच्याही अंगावर होतास. तूच सांग."

देन्स्योने पिशवी खाली ठेवली. "बोयेतचा हात देवाने स्वतः घडवलाय, सर. डोळ्यांसमोर पंजा धरला तरी चेंडू आत. मनातल्या मनात मीच टाळ्या वाजवल्या. पण त्याला मी एकट्याने सांभाळला."

"आणि याला?"

"याच्यासाठी मी जोडीदार मागितला. आजवर कुणासाठी मागितला नव्हता." त्याने जाळीतून आत चटईकडे बोट दाखवलं. "आम्ही दोघं याला लोंबकळलो आणि सुताराचं पोरगं मोकळं राहिलं. ते मोकळं आहे हे आम्हाला दिसलं नाही. याला दिसलं."

"मेहुण्याची साक्ष!" काकांनी हात झटकला. "बहिणीच्या हातचं खातो, तो दुसरं काय बोलणार?"

"मेहुणा म्हणून विचाराल तर नेऊच नका याला. घोरतो."

सगळे खळाळून हसले. आत चटईवर हालचाल झाली. सर मात्र तशीच कॉफी ढवळत राहिले. ती कधीच गार झाली होती.

जोसेलिन मागच्या दाराशी गेली. दोरीवर रेनान्तेची जर्सी वाळत होती. पहाटे तिनेच धुतली होती. बाकीच्या सामन्यांनंतर जर्सीला नुसता घाम आणि धूळ असायची. आज साबण लावताना तिचे हात थांबले होते.

जर्सी इथेच राहिली, तर बोट बोयेतला घेऊन जाईल. रेनान्ते घरातच राहील. रोज रात्री निकायला पोटावर झोपवील, चुकीच्या सुरात गाईल. ओलसर कापडावर हात ठेवून ती क्षणभर उभी राहिली. मग तिने चिमटे काढले आणि दुकानाच्या खिडकीतून जर्सी बाहेर सरकवली.

सरांनी ती गुडघ्यांवर पसरली. डाव्या बाजूची किनार ताणून ताणून जिभेसारखी लोंबत होती, शिवण उसवलेली. देन्स्योने ओशाळून तिथे मूठ धरली. बरोब्बर बसली. उजव्या बाजूलाही तशीच लोंबती किनार, दुसऱ्या कुणाच्या तरी मुठीएवढी. मधला सातचा आकडा मात्र सरळ.

सरांनी आकड्यावरून अंगठा फिरवला, गार कॉफी एका घोटात संपवली आणि उठले.

"त्याला उठवा. बोट दोनला सुटते."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," तिनोय काका म्हणाले.

एकच गलका झाला. कुणी आत धावलं, कुणी रेनान्तेच्या दुखऱ्या पाठीवर थाप मारली, तो कळवळून हसला. त्या गडबडीत जोसेलिनने जर्सी उचलून आत नेली आणि घडी घालायला बसली. घडी काही केल्या नीट बसेना.

निकाय आंबा खात जवळ आली. हात फ्रॉकला पुसून तिने ती डावी किनार पकडली.

"मामाने इथे धरलं होतं?"

"हो."

"आणि तिकडे दुसऱ्याने?"

"हो गं."

"तरी बाबा गेले पुढे?"

"गेले."

निकायने उजवीकडची किनार उचलून आईच्या मुठीत दिली, आणि आपली मूठ डावीकडे आवळली.

"आई, आपण दोघींनी घट्ट धरलं, तर थांबतील?"