खातेदारांना कळण्याआधी

"दारातच थांब, आणि एक अक्षर बोलू नकोस," सुनंदा बिडवेंनी धाकट्या भावाला दटावलं. डॉक्टर हेरंब त्यांच्याच तपासणीचा निकाल घेऊन आला होता.

सुनंदाबाईंच्या मनगटावर सरकारी पट्टा होता. कंपनीवर परिणाम करणारी गोष्ट प्रमुखाला कळली, की पट्टा ती मेंदूतून टिपून त्याच क्षणी सगळ्या खातेदारांच्या फोनवर पाठवायचा. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांची बचत सांभाळणारी त्यांची छोटी मोबाइल बँक आज संध्याकाळी मोठ्या बँकेत विलीन होणार होती. त्याआधी त्यांच्या आजाराची बातमी फुटली, तर लोक पैसे काढायला धावतील आणि करार मोडेल.

"आक्का, पाच मिनिटं काढून ठेव की तो पट्टा!"

"काढला तर लपवाछपवी धरतात. बँकेवर दुप्पट कर बसतो. मग बँकेत उरेल काय, तुझा स्टेथोस्कोप?"

हेरंब हसला नाही. एरवी आक्काचा टोमणा तो सव्याज परत करायचा. आता तो नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. सुनंदाबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि निकाल काय आला असणार ते त्यांना कळून चुकलं.

पट्टा लाल झाला.

बाहेर काउंटरपाशी एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळेच.

"आक्का, मी काहीच बोललो नाही गं," हेरंब रडवेला झाला.

"माहीत आहे रे." त्यांनी पदर सावरून दार सताड उघडलं. "ज्यांना पैसे हवेत त्यांनी रांगेत यावं. शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही."