चक्रमची परीक्षा

"खोगीर मी चढवतो. तू हात लावू नकोस त्याला!" मास्तर लेकीवर खेकसले.

"चढवा. पण तोंड जरा आवरा. गिऱ्हाईक दारात उभं आहे."

तबेला आता लेकीच्या ताब्यात होता. चक्रम मात्र मास्तरांचा. जन्मताच आई गेलेलं ते शिंगरू त्यांनी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. अन् ही बया त्याला अडथळ्यांच्या शर्यतीसाठी विकायला निघालेली.

"तुमच्या लाडानं छप्पर गळायचं थांबत नाही, बाबा," ती आठवडाभर सुनावत होती. "गिऱ्हाइकाच्या परीक्षेत नापास झाला तर राहू दे इथंच. पण होतोय कसला नापास!"

मास्तरांचं डोकं फिरलं. त्या दिवसापासून ते पहाटेच चक्रमला नदीच्या वाळूत न्यायचे आणि लांब दोरीवर तोंडाला फेस येईस्तोवर पळवायचे. दाणाही निम्म्यावर आणला. रिकाम्या गव्हाणीत तो तोंड घाली तेव्हा त्यांचं काळीज तुटे. पण आज तो हरला तरच त्यांच्याजवळ राहणार होता.

गिऱ्हाइकानं आपला डॉक्टर आणला होता.

"भरधाव पळताना श्वास पुरत नाही," डॉक्टर सांगू लागला. "मग स्नायू अंगात साठवलेली साखर हवेशिवाय जाळतात, आणि रक्तात लॅक्टेट साचतं. जितकं कमी, तितका घोडा दमदार."

"आमच्या वेळी नाकपुड्या बघून कळायचं."

"आता रक्त काढून कळतं, आजोबा."

"मग माझं काढा. केव्हाचं उकळतंय!"

डॉक्टर हसला. "दाणापाणी, विश्रांती सगळं व्यवस्थित होतं ना?"

"बाबांच्याच हातात होता," लेक म्हणाली. "त्यांच्यासारखी निगा कोण राखणार?"

सगळे मास्तरांकडे बघू लागले. त्यांनी दात आवळून मान डोलावली.

लेकीनं घोडा पिटाळला. शेवटच्या फेरीत चक्रमचे पाय जड पडत होते. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला. मास्तरांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

डॉक्टरनं मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, थेंब यंत्रात घातला. आकडा पाहिला. दुसरा थेंब घातला.

"कमाल आहे! एवढ्या पळण्यानंतर इतकं कमी?"

"पण मला तर तो रेंगाळल्यासारखा वाटला," गिऱ्हाईक म्हणालं.

"आळस असेल. रक्त खोटं बोलत नाही. घेऊन टाका."

मास्तर खांबाला टेकले. चक्रम गाडीत चढायला तयार नव्हता. मागं वळून वळून खिंकाळत होता. शेवटी दोघांनी त्याला आत ढकलला. फाटकाबाहेर धूळ उडाली आणि मास्तरांचा बांध फुटला.

"विकलास! पोटच्या पोरासारखा वाढवलेला जीव विकलास! दमदार निघाला हाच त्याचा गुन्हा!"

"दमदार?" लेकीनं फाटकाची कडी लावली. "मागच्या महिन्यात मी त्याला गुपचूप तपासून घेतला होता. लॅक्टेट आभाळाला भिडलं होतं."

"मग आज कमी कसं आलं?" मास्तरांनी विचारलं.

"अंगातली साखरच संपली की लॅक्टेट येणार कुठून? उगाच नव्हते आठवडाभर तुम्हाला डिवचत," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्याला दमवलं नसतं, बाबा, तर तो आज नापासच झाला असता."