एकशे चाळीसच्या वर

"एकशे शहाण्णव," शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी अण्णासोंच्या दंडावरचा पट्टा सोडला.

संघप्रियानं आकडा दाबला. प्रिंटर करकरला. वडिलांची चिठ्ठी तिनं स्वतः फाडून त्यांच्या हातात दिली. 'थोडं जास्त. मीठ कमी करा.'

रविवार होता. विहाराच्या सभागृहात रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं. कॉम्प्युटर होता क्लासमधून मागून आणलेला, प्रोग्रॅम संघप्रियाचा. क्लास लावून चार महिने झाले होते. शालूबाई निवृत्त नर्स. त्या वरचा आकडा सांगायच्या, संघप्रिया तो भरायची आणि माणूस कोणत्या गटात बसतो ते मशीन छापायचं. गट तिनं शाळेच्या सवयीनं चढत्या क्रमानं लिहिले होते. एकशे चाळीसच्या वर असेल तर, थोडं जास्त. नाहीतर, एकशे साठच्या वर असेल तर, डॉक्टरांना भेटा. नाहीतर, एकशे ऐंशीच्या वर असेल तर, आजच दवाखाना गाठा. मशीन वरून खाली वाचत येतं आणि पहिली अट लागू पडली की तिथंच थांबतं, असं सरांनी शिकवलं होतं. वहीत तिनं त्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती.

"आकडा मोठा हाय की गं," शालूबाई म्हणाल्या. "चिठ्ठी परत बघ जरा."

"मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही."

"ऐका शालूताई," अण्णासो हसले. "पंचवीस वर्षं आमच्या मालकीणबाई सांगत्यात, मीठ सोडा. ऐकलं न्हाय. आता लेकीनं छापूनच दिलंय म्हटल्यावर इलाज न्हाय."

रांग लांब होती. मागं शेजारचे सयाजीकाका होते. एकशे अठ्ठ्याऐंशी. 'थोडं जास्त.' दिवसभरात 'आजच दवाखाना गाठा' अशी चिठ्ठी एकाचीही निघाली नाही. पेठ ठणठणीत हाय, सगळे म्हणाले. घरी आईनं, ललितानं, तांबडा रस्सा केला होता. अण्णासोंनी वरून मीठ घेतलं नाही. चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून ते गल्लीत दोनदा फिरून आले.

सोमवारी सकाळी दहा वाजता ते उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथसमोर पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधी मोजलं नव्हतं का? ललितानं खिशातली चिठ्ठी काढून दिली.

"थोडं जास्त?" डॉक्टर म्हणाले. "मोजणाऱ्यानं चुकीचं मोजलं असणार."

हे वाक्य अण्णासोंच्या आधी गल्लीत पोचलं. शालूबाईंच्या घरी इंजेक्शनला येणारी माणसं येईनाशी झाली. ललिता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला चिठ्ठी दाखवायची. "कॉम्प्युटर कसा चुकंल? माझ्या लेकीनं केलाय त्यो."

संघप्रिया चहाचे कप विसळत होती. तिला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं वही उघडली, एक पान वाचलं, वही मिटली आणि गाद्यांच्या खाली सारली. मग परत कप विसळायला बसली.

पाचव्या दिवशी शालूबाई आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. काळ्या पिशवीत बीपीचं मशीन होतं.

"ललिता, माझे कान गेल्यात बघ," त्या म्हणाल्या. "मला एकशे शहाण्णव ऐकू आलतं. पर तसं नसणार. हे मशीन विहारात देऊन टाकते. आता कुणाचं मोजणार न्हाय."

ललितानं तोंड फिरवलं. कुणी बसा म्हणालं नाही.

भिंतीला टेकून सयाजीकाका बसले होते. त्यांनी चहाला हात पुढं केला. "साखर चालंल, पोरी. मीठ तेवढं बंद केलंय तुझ्या चिठ्ठीपास्नं. डोकं मातर चार दिस ठणकतंय. व्हईल कमी. आपलं थोडंच जास्त हाय."

कप संघप्रियाच्या हातातच राहिला. तिनं तो खाली ठेवला. गाद्यांखालून वही काढली आणि उंबऱ्यापाशी गेली. शालूबाई पाठ फिरवून निघाल्या होत्या.

"मावशी, आत या. आधी सयाजीकाकांचं मोजा."

"तिला कशाला बोलावतीस?" ललिता ओरडली.

"त्यांचे कान चांगले आहेत, आई. त्यांनी एकशे शहाण्णव सांगितलं, मी एकशे शहाण्णवच दाबलं." संघप्रियाचा आवाज सपाट होता, वही वाचून दाखवावी तसा. "एकशे शहाण्णवसुद्धा एकशे चाळीसच्या वरच असतं. कॉम्प्युटर पहिल्याच ओळीवर थांबला. ती ओळ पहिली मी लिहिली."