मोठ्या अक्षरांत

“अजून शब्द काढ,” सुहासिनी मॅडम स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाल्या. “परिषदेत माणूस चहाचा कप घेऊन फिरतो. चालता चालता कळलं पाहिजे.”

प्रियांकाचे डोळे चुरचुरत होते. पोस्टर कितव्यांदा बदलतंय, हे आता तिलाही आठवत नव्हतं. शीळफाट्याकडच्या खडी क्रशरवर राबणाऱ्यांची फुफ्फुसं, हा तिच्या पीएचडीचा विषय. तक्ते गेले. संदर्भ बारीक होऊन तळाशी गेले. मधोमध एक्स-रे आला. जडजंबाल शीर्षकाच्या जागी मॅडमनी साधं वाक्य घातलं: ‘खडीच्या धुळीने फुफ्फुसं निकामी होतात.’

“आणि खाली निष्कर्ष. मोठ्या अक्षरांत. हा आजार बरा होत नाही.”

“मॅडम, ‘अपरिवर्तनीय’ लिहू?”

“कोणाला कळणार गं ते?”

तेच तर. तिचे बाबा, गुणाजी, अशाच एका क्रशरवर आयुष्यभर राबलेले. त्यांचा रिपोर्ट आल्यापासून ती घरी एकच सांगत होती, धुळीची ॲलर्जी आहे, औषधाने जाईल. रोज तेच खोटं, हसऱ्या तोंडाने. त्याचाही शीण आलेला. पण परिषद ठाण्याला, आणि बाबा विठ्ठलवाडीला, घरी. तिने मॅडमचं वाक्य टाइप केलं.

परिषदेच्या दिवशी पोस्टरसमोर खरंच माणसं थांबत होती. परीक्षकांना समजावून ती वळली, तर मागे बाबा. इस्त्रीचा शर्ट, जिने चढून लागलेली धाप.

“सांगितलं नाही तुला. म्हटलं, लेकीचं काम बघून यावं.”

“बाबा, चला ना, आधी चहा घेऊ.” ती त्यांच्या आणि पोस्टरच्या मध्ये उभी राहिली. पण पोस्टर तिच्याहून उंच होतं. गुणाजी वाचत होते. वाचायला फार वेळ लागलाच नाही.

“ते सगळ्यांनाच तसं...” धरून ठेवलेलं सगळं अवसान गळालं आणि ती तिथेच, लोकांसमोर, रडायला लागली.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“उगी. मला डॉक्टरने तेव्हाच सांगितलेलं. तू ॲलर्जी म्हणायचीस, मी मान हलवायचो.” श्वास पुरेना म्हणून ते जरा थांबले. “बरं झालं बघ. तोंडात टॉवेल कोंबून खोकायचा लय कंटाळा आलेला.”