रोजरीच्या वेळचा फोन

फोन वाजला तेव्हा होळी गावातल्या इग्नेशियसच्या घरी संध्याकाळची रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालू होती, आणि रोजरी चालू असताना त्या घरात कुणी फोन घेत नाही. पूर्वी दार वाजलं तरी उठत नसत. नवा फोन आल्यावर त्यालाही तोच नियम लागला.

फोन कुणाचा आहे हे फक्त इग्नेशियसच्या मुलाला, ज्यूडला, ठाऊक होतं. आज माझ्या मनवेलपाड्याच्या खोलीवर आला नाहीस तर तुझ्या बापाला सगळं सांगतो, असं सुमेधने दुपारीच वालीवच्या वर्कशॉपबाहेर त्याला बजावलं होतं. सगळं म्हणजे दोघांचं प्रेम. ज्यूड गेला नव्हता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं सुजून बांधलेली होती. चर्चच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या एका मुलाशी तो हसून बोलला, म्हणून सुमेधने ती पिरगळली होती. घरी त्याने सांगितलं होतं, मशीनमध्ये सापडली. पोलिसांत जायची सोय नव्हती. असलं प्रेम कायद्याने गुन्हा आहे, गेलास तर आधी तुलाच आत घालतील, हे सुमेधनेच त्याला पढवून ठेवलं होतं. आणि मारून झाल्यावर रडायचाही तोच.

फोन थांबला. माळ म्हणायची ज्यूडच्या आईची, रोझमेरीची, पाळी संपली आणि ज्यूडची आली. घरची रीत अशी की ज्याची पाळी, त्याने आपण कुणासाठी प्रार्थना करतोय ते आधी मोठ्याने सांगायचं. धाकट्या डायनाने बारावीच्या निकालासाठी सांगितलं होतं, रोझमेरीने स्वतःच्या गुडघ्यांसाठी. ज्यूडचं मागणं कायम एकच असे, वालीवची नोकरी टिकू दे. ते कुणी लक्ष देऊन ऐकतही नसे.

ज्यूड काही शूर वगैरे नव्हे. झुरळ दिसलं तर अजून धाकट्या बहिणीला हाक मारतो. तेवढ्यात फोन पुन्हा वाजू लागला, आणि त्या आवाजातच त्याने तोंड उघडलं.

"मनवेलपाड्याच्या सुमेधसाठी," तो म्हणाला. "माझं त्याच्यावर प्रेम होतं. मुलीवर करतात ना, तसं. तो मला मारतो. ही बोटं मशीनमध्ये नाही सापडली. त्याचा हात थांबू दे, आणि मला परत तिकडे जायची बुद्धी देऊ नको."

मग त्याने डाव्या हातात माळ घेतली आणि 'नमो मारिया' म्हणायला सुरुवात केली. मणी एकही चुकला नाही. भल्याभल्यांना जे जन्मभर जमत नाही, ते या पोराने गुडघ्यांवर बसून केलं.

प्रार्थनेचा उरलेला अर्धा भाग बाकीच्यांनी म्हणायचा असतो. कुणीच म्हणेना. नुसता फोन वाजत राहिला. ज्यूड थांबला. मग रोझमेरीचा आवाज आला, अगदी बारीक. तिच्यामागून डायनाचा. इग्नेशियसचा मात्र आलाच नाही. ज्यूडची पाळी संपेपर्यंत तो समोरच्या मेणबत्तीकडे बघत राहिला. घर सोडून जावं लागलं तर कुठे जायचं, हे ज्यूडने ठरवलेलं नव्हतं.

शेवटची पाळी घरच्या कर्त्याची. इग्नेशियसने माळ हातात घेतली.

"ज्यूडच्या बोटांसाठी," तो म्हणाला. "बाकीचं मला अजून कळत नाय."

रोजरी संपली. सवयीने डायना मेणबत्ती विझवायला उठली, आणि फोन तिसऱ्यांदा वाजला. रोझमेरीने मुलाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ज्यूडने स्वतःच जाऊन डाव्या हाताने रिसीव्हर उचलला. पलीकडून सुमेध हळू आवाजात म्हणाला, शेवटचं विचारतो, येतोस की तुझ्या बापाला फोन देतोस?

इग्नेशियसला गुडघ्यांवरून उठायला नेहमीच वेळ लागतो. तो भिंतीला धरून उठला, चालत आला आणि ज्यूडच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"देतो ना," ज्यूड म्हणाला. "इथेच उभे आहेत."